मोठं झालं की जादूचं दार बंद का होतं?

पानखूण

मी १४ वर्षांची आहे. फँटसी कादंबऱ्यांचं वेड आठव्या वर्षापासूनचं. आधी आई वाचून दाखवायची, मग एक पान तिचं एक पान माझं असं चालायचं, आणि दहाव्या वर्षापासून मी एकटीच वाचते. गेल्या महिन्यात सी. एस. लुइसची नार्नियाची सातही पुस्तकं (चार भावंडं कपाटातून एका जादूच्या देशात जातात, ती) पुन्हा वाचायला काढली आणि दुसऱ्याच पुस्तकाच्या शेवटी अशी अडकले की पुढचं चार दिवस उघडलंच नाही. ते का, हे इथे लिहिते. बऱ्याच पुस्तकांचे शेवट पुढे फुटणार आहेत, त्यामुळे ज्यांना ती अजून वाचायची आहेत त्यांनी जपून.

'प्रिन्स कॅस्पियन'च्या शेवटी चारही भावंडं घरी परत निघालेली असतात आणि पीटर सांगतो की तो आणि सुझन आता नार्नियात परत येणार नाहीत. कारण काय, तर ती दोघं मोठी झाली. त्यांनी काही चुकीचं केलेलं नसतं, कुणाला फसवलेलं नसतं. फक्त वय वाढलेलं असतं. त्यापुढच्या पुस्तकाच्या शेवटी एडमंड आणि लूसीवर तीच वेळ येते. नऊ वर्षांची असताना हे वाचून मला काहीच झालं नव्हतं. तेव्हा मी लूसीबरोबर होते आणि लूसीला अजून एक पुस्तक बाकी होतं. आता मी पीटर आणि सुझनबरोबर दारापाशी उभी आहे आणि मला राग येतोय.

राग जास्त येतो कारण पहिल्या पुस्तकात हीच चौघं नार्नियात चांगली मोठी होतात! राजे आणि राण्या म्हणून वर्षानुवर्षं राज्य करतात, आणि पांढऱ्या हरणाचा पाठलाग करता करता कपाटातून बाहेर पडतात ती परत मुलं होऊन. म्हणजे नार्नियाला मोठ्या माणसांचं वावडं नाहीच. तिथे मोठं झालं तर चालतं, इथे मोठं झालं की येणं बंद.

मग मी बाकीची पुस्तकं आठवून बघितली. पीटर पॅनच्या गोष्टीत (नाटक १९०४चं, कादंबरी १९११ची) वेंडी मोठी होते आणि तिला उडता येईनासं होतं. 'मेरी पॉपिन्स'मध्ये तर फार आधीच सगळं संपतं. जॉन आणि बार्बरा ही तान्ही जुळी भावंडं. त्यांना वाऱ्याचं, उन्हाचं, खिडकीत येणाऱ्या स्टार्लिंग पक्ष्याचं बोलणं कळत असतं. पक्षी म्हणतो, तुम्ही हे सगळं विसरणार. ती म्हणतात, आम्ही नाही विसरणार. मग त्यांना दात येतात, आणि पक्षी येऊन बोलतो तर ती नुसती बघत राहतात. माझ्या मते मुलांच्या पुस्तकांतली ही सगळ्यात दुःखी पानं आहेत, आणि ती एका विनोदी पुस्तकात आहेत.

मला पटणारं उत्तर पहिल्यांदा मिळालं ते फिलिप पुलमनच्या तीन पुस्तकांत ('नॉर्दर्न लाइट्स' १९९५, 'द सटल नाइफ' १९९७, 'द अंबर स्पायग्लास' २०००). त्यांची नायिका लायरा. तिच्या जगात माणसाचा आत्मा शरीराबाहेर, प्राण्याच्या रूपात त्याच्यासोबत असतो. त्याला डेमन म्हणतात. लहान मुलांचे डेमन सारखे रूप बदलतात, आत्ता पतंग तर घटकाभराने रानमांजर. वयात येताना मात्र ते एका रूपात कायमचे थांबतात. लायराला हे नको असतं. शेवटी तिचा डेमन पॅन थांबतो तेव्हा तो पाइन मार्टेन (मुंगसासारखा एक लहान प्राणी) झालेला असतो, आणि वाचताना वाटतं की हो, हाच पॅन. काहीतरी गमावलं असं वाटतच नाही. ओळख पटल्यासारखं वाटतं.

तिच्याकडचं खरं सांगणारं यंत्रही तसंच. लहानपणी ती ते सहज वाचते, मोठं होताना ती हातोटी एकदम जाते. तेव्हा तिला सांगितलं जातं की आजवर तुला हे आपोआप मिळालेलं होतं, आता तू ते अभ्यासाने परत मिळवू शकशील. त्याला आयुष्य लागेल, पण तसं आलेलं वाचन जास्त खोल असेल. मी हे पान तीनदा वाचलं.

दारं तिथेही बंद होतात. लायरा आणि दुसऱ्या जगातला तिचा सोबती विल यांना कायमचं दूर व्हावं लागतं. पण का, ते दोघांनाही कळलेलं असतं. जगांमधल्या खिडक्या उघड्या राहिल्या तर सगळ्याच जगांचं नुकसान होणार असतं, आणि जी एकच खिडकी ठेवता येईल ती दोघं स्वतःसाठी न ठेवता मेलेल्यांसाठी ठेवतात. रडतात आणि तरी स्वतः ठरवतात.

माझं म्हणणं एवढंच आहे. शेवटी दार बंद करायला माझी हरकत नाही. सगळीच दारं उघडी ठेवणारी पुस्तकं मला तितकीशी आवडतही नाहीत. पण ते का बंद होतंय हे त्या मुलाला कळायला हवं, जमलं तर त्याने ते स्वतः ओढून घ्यावं. नुसतं "तुझं वय झालं" हे कारण मला मान्य नाही. तुम्हाला अशी कुठली पुस्तकं माहीत आहेत?

उत्तररात्र

पानखूण, फार छान लिहिलं आहेस. पण लुइसची बाजू थोडी मांडतो. मी नार्निया चाळिशीत पहिल्यांदा वाचलं, त्यामुळे माझं दार कुठल्याच वयात बंद झालं नाही, हेही आधी सांगतो.

'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब'च्या (१९५०) सुरुवातीला लूसी बारफील्ड या त्याच्या मानसकन्येला लिहिलेलं छोटं पत्र आहे, ते बहुतेक जण उलटून पुढे जातात. त्यात तो म्हणतो की मुली पुस्तकांपेक्षा भराभर वाढतात हे माझ्या ध्यानात आलं नाही, त्यामुळे तू परीकथांसाठी आत्ताच मोठी झाली आहेस, पण एक दिवस पुन्हा परीकथा वाचण्याइतकी मोठी होशील. म्हणजे त्याच्या लेखी बंद होणारं दार पुन्हा उघडतं. मधली काही वर्षं तेवढी कोरडी.

आणि एडमंड-लूसीला अस्लान (नार्नियातला तो सिंह) फक्त वयाचं कारण देत नाही. तो म्हणतो, तुमच्या जगातही मी आहे, तिथे माझं नाव वेगळं आहे, आणि ते ओळखता यावं म्हणूनच तुम्हाला इथे आणलं होतं. लुइसच्या श्रद्धेतून आलेलं उत्तर आहे हे. ते पटो न पटो, पण त्याने कारण दिलेलंच नाही असं नाही म्हणता येणार.

पानखूण

काका, ते पत्र मी वाचलंच नव्हतं. आत्ता जाऊन काढलं. "पुन्हा वाचण्याइतकी मोठी" ही कल्पना मला आवडली, खरंच.

पण मग मला सुझनबद्दल सांगा. शेवटच्या पुस्तकात बाकी सगळे परत एकत्र येतात आणि सुझन येत नाही. का, तर म्हणे तिला आता नायलॉनचे मोजे, लिपस्टिक आणि आमंत्रणं यांतच रस आहे. ती त्या पत्रातल्या कोरड्या वर्षांमध्ये असेल ना? पत्रातल्या लूसीला थांबायला वेळ मिळतो आणि सुझनला नाही. लुइसने पत्रात जो धीर दाखवला तो पुस्तकात सुझनसाठी दाखवला असता तर मी भांडलेच नसते.

निळा कावळा

मी १२ वर्षांचा आहे. मला नार्नियापेक्षा टिफनी आवडते. टेरी प्रॅचेटचं 'द वी फ्री मेन' (२००३). त्यात टिफनी एकिंग ९ वर्षांची आहे आणि तिच्या लहान भावाला परीराणीने पळवलेलं असतं, म्हणून ती तवा घेऊन त्याला आणायला जाते. ती निवडलेली वगैरे नसते. कुठली भविष्यवाणी नसते. तिला राग येतो म्हणून ती जाते. मला भविष्यवाणीवाली पुस्तकं आता नको वाटतात कारण त्यात पोराने काही केलं नाही तरी ते होणारच असतं. पर्सी जॅक्सनमध्ये पण आहे, १६ वर्षांचा होईल तेव्हा काय होणार ते आधीच ठरलेलं. तरी ती पाच पुस्तकं मी दोनदा वाचली कारण पर्सीचं बोलणं भारी आहे आणि त्याला अक्षरं उलटीपालटी दिसतात ते माझ्यासारखं आहे.

टिफनी पाच पुस्तकांत मोठी होत जाते आणि तिची जादू कमी होत नाही. वाढते. पण जादू म्हणजे काम असतं. म्हाताऱ्या माणसांची नखं कापणं, आजारी माणसांकडे जाऊन बसणं. दुसऱ्या पुस्तकात तिला ते आवडत नाही. मलाही आधी बोअर झालं आणि मग नाही झालं. तिचं दार बंद होत नाही कारण ती दुसऱ्या जगात राहतच नाही. ते तिचंच गाव असतं, तिच्या आजीच्या मेंढ्या असतात.

अक्षरवेडा

कावळ्याला +१. यात हॅरी पॉटरची भर घालतो. तिथे उलटा हिशोब आहे: १७ वर्षांखालच्या मुलांना शाळेबाहेर जादू करायची बंदी, आणि १७ पूर्ण झाली की मोकळीक. मोठं होणं म्हणजे जादू हातात येणं. मला वाटतं ११ ते १७ अशी सात वर्षं मुलं त्या पुस्तकांबरोबर टिकली याचं हे एक कारण असावं, पुढच्या वर्षाची भीती न वाटता ओढ वाटते.

बाकी नार्निया कुठल्या क्रमाने वाचावं यावर इथे भांडण सुरू व्हायच्या आधी सांगतो, कपाटाच्या पुस्तकापासून सुरू करा. 'द मॅजिशियन्स नेफ्यू' (१९५५) कथेच्या हिशोबाने पहिलं असलं तरी ते सहावं आलं, आणि कपाट कसं आलं हे आधीच कळलं तर कपाटात शिरण्यातली मजा जाते.

सांजसावली

पानखूण, तू फिलिपा पिअर्सचं 'टॉम्स मिडनाइट गार्डन' वाचलं आहेस का? १९५८चं आहे, त्याला कार्नेगी पदक (ब्रिटनमधलं बालसाहित्याचं) मिळालं होतं. जादू म्हणून त्यात एक घड्याळ, एक दार आणि एक बाग, इतकंच. लढाई नाही, राक्षस नाही.

टॉमच्या भावाला गोवर येतो म्हणून टॉमला काका-काकूंकडे पाठवतात. जुन्या मोठ्या वाड्याचे तुकडे करून केलेल्या घरांपैकी एकात ते राहतात, खेळायला बाग नाही, मागच्या दारी कचऱ्याचे डबे ठेवलेलं एवढंसं अंगण. खालच्या दर्शनी दालनातलं घड्याळ रात्री तेराचे ठोके देतं. टॉम उतरून मागचं दार उघडतो तर बाहेर प्रचंड बाग. तिथे त्याला हॅटी भेटते, जुन्या काळातली एक पोरकी मुलगी. तो रोज रात्री जातो. त्याच्यासाठी रोजची रात्र, पण तिच्यासाठी मध्ये महिने, वर्षं जातात.

म्हणजे इथे मोठी होते ती बागेतली मुलगी, आणि बाहेरून येणारा मुलगा तेवढाच राहतो. तुझ्या प्रश्नाची दुसरी बाजू. टॉमला कुणी येऊ नको म्हणत नाही. हॅटी वाढत जाते तसतसा तो तिला विरळ दिसायला लागतो, आणि तिच्या ते लक्षातही येत नाही. नदी गोठलेली असताना दोघं एकाच जोडीच्या स्केट्सवर घसरत जातात. त्या एकाच जोडीचा खेळ लेखिकेने कसा जमवला आहे ते मी सांगणार नाही, आणि शेवटही सांगणार नाही. बाकी सगळ्यांचे शेवट इथे फुटले, हा एक राहू दे. तू वाच आणि मग इथे येऊन लिही.

ओलं पान

माझी मुलगी १० वर्षांची आहे. वाचते भरपूर. पानखूण, पुलमन तिला आत्ता द्यावं का? मुखपृष्ठावर अस्वल बघून ती मागे लागली आहे. पुस्तकं वयानुसार लावलेली असतात तिथे हे कधी ९ ते १२ मध्ये दिसतं, कधी मोठ्या मुलांमध्ये.

पानखूण

ताई, मी सांगते ते माझ्यावरून. मी १० वर्षांची असताना 'नॉर्दर्न लाइट्स' घेतलं आणि अर्ध्यावर ठेवून दिलं. त्यात मुलांना त्यांच्या डेमनपासून कापून वेगळं करतात. अशा एका मुलाला लायरा शोधून काढते तेव्हा त्याने डेमनच्या जागी एक सुका मासा छातीशी धरलेला असतो. तिथे रक्त नाही, मारामारी नाही, पण मला तीन रात्री झोप लागली नाही. १२व्या वर्षी परत घेतलं तेव्हा तेच पान वाचून रडले, पण घाबरले नाही. आधीच्या वेळी मला फक्त मासा दिसला होता, नंतर तो मुलगा दिसला.

म्हणून मला वाटतं तुम्ही द्या, पण अर्ध्यावर ठेवायची मोकळीक देऊन द्या. मी ठेवलं तेव्हा आई काहीच बोलली नाही, "परत घेशील तेव्हा घेशील" इतकंच म्हणाली. ती "एवढ्यात घाबरलीस?" म्हणाली असती तर मी ते कधीच परत उघडलं नसतं. तिसरा भाग मात्र थांबून द्या. त्यातली प्रेमाची गोष्ट मला वाटतं १२-१३ शिवाय कळत नाही, आणि ती कळली नाही तर शेवट नुसताच क्रूर वाटतो. आणि पुढे पुलमन लायरा २० वर्षांची असतानाचंही लिहितो ('द सीक्रेट कॉमनवेल्थ', २०१९), ते मोठ्यांचं आहे. मी स्वतः अजून वाचलेलं नाही.

वयाचे शिक्के लावणाऱ्यांना जाडी आणि मारामारी दिसते. आम्हाला भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टींची.

उत्तररात्र

ओलं पान, पानखूणचा सल्ला माझ्यापेक्षा चांगला आहे, तोच ऐका.

पानखूण, तुझ्या यादीत उर्सुला ले ग्विन नाही म्हणून लिहितो. 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८). गेड हा शेळ्या राखणारा पोरगा, प्रचंड हुशार आणि तेवढाच गर्विष्ठ. जादूच्या शाळेत ईर्षेपोटी तो नको ती विद्या वापरतो आणि एक काळी सावली जगात सोडतो. अर्धं पुस्तक तो तिच्यापासून पळतो, मग वळतो आणि तिच्यामागे लागतो. शेवटी समोरासमोर येतात तेव्हा तो तिला नावाने हाक मारतो, आणि ते नाव त्याचं स्वतःचं असतं. मोठं होण्याबद्दल एवढ्या कमी शब्दांत एवढं सांगणारं पुस्तक मला दुसरं माहीत नाही.

आणि दाराचंच बोलायचं तर तिसऱ्या भागात, 'द फार्देस्ट शोर'मध्ये (१९७२), गेड जिवंतांच्या आणि मेलेल्यांच्या जगांमधलं फुटलेलं दार बंद करतो, आणि त्यात त्याची सगळी जादू खर्च होते. कायमची. ती वय वाढलं म्हणून जात नाही, कामी येऊन जाते. मग १८ वर्षांनी ले ग्विनने 'तेहानू' (१९९०) लिहिलं, जादू गेलेल्या माणसाने पुढे काय करायचं यावर. ते तू आत्ता नको घेऊस. पहिली तीन घे. दुसरं, 'द टूम्ब्ज ऑफ अटुआन', तुला सगळ्यात आवडेल असं वाटतं. त्यातल्या मुलीचं नाव लहानपणीच काढून घेतलेलं असतं.

पानखूण

काका, मी पहिलं वाचलंय, पण ११ वर्षांची असताना, आणि तेव्हा मला ते संथ वाटलं. सावली म्हणजे कोण हे कळलं होतं पण "म्हणजे काय" हे कळलं नव्हतं. परत घेते.

तुम्ही नावाचं लिहिलंत त्यावरून मला मायकेल एंडेचं 'द नेव्हरएंडिंग स्टोरी' (जर्मन मूळ १९७९) आठवलं आणि ते मी माझ्याच लेखात कसं विसरले कळत नाही. ते दोन रंगांच्या शाईत छापलेलं आहे, आपलं जग लाल आणि गोष्टीतलं जग हिरवं. बास्टियन पुस्तक वाचता वाचता त्यात शिरतो. तिथे त्याची प्रत्येक इच्छा पुरी होते आणि प्रत्येक इच्छेबरोबर त्याची घरची एकेक आठवण पुसली जाते. शेवटी तो स्वतःचं नावही विसरतो. तिथे धोका बाहेर काढलं जाण्याचा नाही, आतच राहून जाण्याचा आहे! सिनेमा यातल्या पहिल्या अर्ध्यावर संपतो, आणि खरी गोष्ट दुसऱ्या अर्ध्यात आहे, त्यामुळे सिनेमा बघून पुस्तक कळलं असं समजू नका.

तो परत येतो तेव्हा पुस्तकांच्या दुकानाचा म्हातारा मालक त्याला सांगतो की मीही जाऊन आलोय. गोष्टीतल्या जगाच्या राणीला एकच नाव एकदाच देता येतं, पण नवं नाव सुचलं तर तिला पुन्हा भेटता येतं. कितीही वेळा. आणि हे सांगणारा माणूस म्हातारा आहे. मला वाटतं माझा नार्नियावरचा राग याच पुस्तकाने आधीच शिकवलेला होता.

सांजसावली

कितीही वेळा, हे ध्यानात ठेव, टॉमच्या शेवटी लागेल.

निळा कावळा

मला डायना विन जोन्सचं 'हाउल्स मूव्हिंग कॅसल' (१९८६) पण सांगायचं होतं. सोफीला शाप देऊन एकदम म्हातारी करून टाकतात आणि ती म्हातारी झाल्यावर कुणाला घाबरत नाही. आधी ती सगळ्यांना घाबरायची. आणि तिला जादू येते ते तिलाच माहीत नसतं, ती वस्तूंशी बोलते आणि त्या ऐकतात. हे ताईच्या प्रश्नात बसतं का?

पानखूण

बसतं! इतकं बसतं की मी आजच मागून घेणार आहे.

पानखूण

(नऊ दिवसांनी) सांजसावली ताई, टॉम वाचून झालं. आता शेवट सांगणार आहे, ज्यांना नकोय त्यांनी इथेच थांबा.

शेवटच्या रात्री टॉम मागचं दार उघडतो आणि बाग नसतेच, नुसते डबे. तो अंधारात "हॅटी!" म्हणून ओरडतो आणि सगळं घर जागं होतं. मला वाटलं, झालं, इथेही तेच, दार बंद. मी पुस्तक बाजूला ठेवून दिवा घालवणार होते. मग सकाळी वरच्या मजल्यावरची घरमालकीण, मिसेस बार्थोलोम्यू, त्याला माफी मागायला वर बोलावते, आणि ती हॅटी असते.

आणि मग कळतं की बाग तिची होती. ती म्हातारी रोज रात्री आपलं लहानपण स्वप्नात बघायची आणि त्या स्वप्नात टॉम चालत जायचा. ती जशी आठवेल तशी बाग. तिला लहान झाड आठवलं तर लहान, बर्फ आठवला तर बर्फ. मी पूर्ण पुस्तकभर समजत होते की जादू टॉमकडे आहे कारण तो लहान आहे. जादू पुस्तकातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईकडे होती.

एका गोष्टीवर मात्र माझं तुमच्याशी पटत नाही. तुम्ही म्हणालात की टॉम विरळ होतो ते हॅटीच्या लक्षातही येत नाही. मला वाटतं तिच्या लक्षात आलं असणार, निदान मोठेपणी. नाहीतर स्केट्स फळीखाली त्याच्यासाठी ठेवून द्यायचं वचन तिने इतकी वर्षं पाळलं नसतं. तिने ते ठेवले तेव्हा तो तिला पुरता दिसतही नव्हता.

सांजसावली

स्केट्सचा असा विचार मी केला नव्हता. ते प्रकरण काढून परत बघते आणि लिहिते.

निळा कावळा

ताईने "थांबा" लिहिलं होतं तिथे मी थांबलो नाही. तरी वाचणार आहे. फळीखाली कसे ठेवले ते बघायचंय.